शत्रूची रसद : कर्करोग आणि नव्या रक्तवाहिन्यांची गोष्ट

 

आजवर या मालिकेत मी बहुतेक लढायांवर बोललो. पालखेड झालं, पानिपत झालं, कारगिल झालं. आजची लढाई माणसाच्या शरीरातली आहे. काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, कर्करोगाशी तुमचा काय संबंध? संबंध एवढाच की मी तीस वर्षांहून अधिक काळ आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये काढली. आमचं काम बंदूक चालवण्याचं कमी आणि बंदूक चालवणाऱ्यापर्यंत पीठ, तेल, रॉकेल, डिझेल पोहोचवण्याचं जास्त. त्यामुळे कुठलीही फौज दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : हिची रसद कुठून येते? काही वर्षांपूर्वी वाचनात आलं की एका सर्जनने नेमका हाच प्रश्न कर्करोगाच्या गाठीला विचारला होता, आणि त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राच्या गळी उतरवायला त्याला तीस वर्षं लागली. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. हा इतिहास आहे, वैद्यकीय सल्ला नाही. कुणाच्या घरी उपचार चालू असतील तर त्यातली एक गोळीसुद्धा माझं ऐकून बदलू नका.

रसदेचं गणित

पालखेडला 1728 साली बाजीरावाने निजामाला कसं कोंडीत पकडलं ते आपण पाहिलं आहे. मोठी लढाई झालीच नाही. निजामाचा तोफखाना मागे राहिला, पाणी तुटलं, दाणागोटा तुटला आणि निजाम तहाला आला. तेहतीस वर्षांनी पानिपतावर पारडं उलटं फिरलं. तिथे रसद आपली तुटली होती. फौज कितीही मोठी असो, तिला रोज खायला लागतं. आणि जितकी मोठी, तितकं जास्त.

आता शरीराकडे या. आपल्या प्रत्येक पेशीला प्राणवायू आणि अन्न रक्तातून मिळतं. मुख्य हमरस्ते म्हणजे धमन्या. त्यांना फाटे फुटत फुटत शेवटी केशवाहिन्या होतात. त्या इतक्या बारीक की रक्तातली तांबडी पेशी एका मागून एक अशी रांगेतच त्यातून पुढे सरकते. केशवाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा फक्त एक थर. त्या भिंतीतून प्राणवायू बाहेर झिरपतो. पण तो फार लांब जात नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत, बस. त्यापलीकडची पेशी गुदमरते. म्हणून जवळपास प्रत्येक पेशीच्या शेजारी एक केशवाहिनी असावी लागते. डोंगरातल्या शेवटच्या चौकीपर्यंत ट्रक जात नाही, तिथे खेचर जातं आणि त्याच्याही पुढे माणसाची पाठ. केशवाहिनी म्हणजे ती शेवटची पाऊलवाट.

मोठ्या माणसाच्या शरीरात हे रस्ते बहुतेक बांधून झालेले असतात. नवं काम निघतं ते मोजक्याच प्रसंगी : जखम भरताना, स्त्रीच्या मासिक चक्रात, गर्भारपणात वार तयार होताना. काम झालं की थांबतं. अस्तित्वात असलेल्या वाहिनीला नवे कोंब फुटून नवी वाहिनी तयार होणं, याला शास्त्रात अँजिओजेनेसिस म्हणतात. शब्द जड आहे. आपण नुसतं ‘नव्या वाहिन्या फुटणं’ म्हणू.

फौजेतला सर्जन आणि राजाचं हरीण

या गोष्टीतला पहिला माणूस फौजी आहे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. जॉन हंटर, अठराव्या शतकातला ब्रिटिश सर्जन. 1761 साली, म्हणजे पानिपताच्याच वर्षी, तो फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटाच्या मोहिमेवर फौजेबरोबर गेला आणि पुढे पोर्तुगालमध्ये. गोळीच्या जखमा त्याने शेकड्यांनी पाहिल्या. उगाच कापाकाप करून जखम मोठी करू नका, शरीर स्वतः बरंच काही करतं, हे त्याचं म्हणणं. त्याचं रक्त, दाह आणि बंदुकीच्या जखमा यांवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1794 साली प्रसिद्ध झालं.

त्याच्या नावावर एक प्रयोग सांगितला जातो. हरणाची शिंगं दरवर्षी नव्याने उगवतात आणि वाढीच्या काळात ती मखमली, गरम असतात, कारण त्यात भरपूर रक्त खेळतं. हंटरने राजाच्या राखीव रानातल्या एका हरणाची मानेतली एका बाजूची मुख्य धमनी बांधून टाकली. त्या बाजूचं शिंग थंड पडलं. आता ते गळून पडणार असं वाटलं. पण काही दिवसांनी पाहतो तर शिंग पुन्हा गरम! हमरस्ता बंद होता, पण आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावल्या होत्या आणि रक्ताने वळसा घातला होता. हे धरूनच हंटरने डिसेंबर 1785 मध्ये एका घोडागाडीवानाच्या मांडीतली धमनी बांधली. त्याच्या गुडघ्यामागे धमनीला फुगा आला होता आणि त्या काळी अशा रोग्याचा पाय कापत. हा गाडीवान पाय शाबूत ठेवून काही आठवड्यांत रुग्णालयातून घरी गेला.

हंटरने पाहिलं ते जुन्या वाहिन्या रुंद होणं होतं, नव्या फुटणं नव्हे. पण मुद्दा पक्का झाला. रक्ताचे रस्ते म्हणजे भिंतीत गाडलेले नळ नाहीत. गरज पडली की ते बदलतात.

पुढच्या शतकात जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्शो याने गाठींतल्या भरमसाठ रक्तवाहिन्यांची नोंद केली. 1940च्या दशकात अमेरिकेत ग्लेन अल्गायर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कातडीत एक पारदर्शक खिडकी बसवली आणि गाठीभोवती नव्या वाहिन्या कशा धावून येतात ते जिवंतपणी पाहिलं. हे सगळं छापून आलं होतं, ग्रंथालयांत पडून होतं. पण शत्रूचा रस्ता दिसणं वेगळं आणि तो रस्ता तोडता येईल असं म्हणणं वेगळं.

नौदलात भरती झालेला डॉक्टर

ज्युडा फोकमन यांचा जन्म 1933 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलँडला झाला. वडील ज्यू धर्मगुरू. ते रुग्णालयात आजाऱ्यांना भेटायला जात तेव्हा मुलाला बरोबर नेत. मुलाने सांगितलं, मला डॉक्टर व्हायचं आहे. वडील रागावले नाहीत. धर्मगुरूसारखा डॉक्टर हो, असं त्यांनी सांगितल्याचं फोकमन पुढे सांगत. त्यांच्या आयुष्यावर या वाक्याची छाप दिसते, ते पुढे येईलच.

हार्वर्डमधून 1957 साली डॉक्टर झाल्यावर सर्जरीचं शिक्षण चालू असतानाच 1960 मध्ये त्यांना सक्तीच्या भरतीखाली अमेरिकी नौदलात जावं लागलं. नेमणूक वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे, नौदलाच्या वैद्यकीय केंद्रात. नौदलाचा प्रश्न आमच्या खात्यातलाच होता. अणुशक्तीवर चालणारी जहाजं महिनोन् महिने समुद्रात राहणार. जखमींसाठी ताजं रक्त कसं साठवायचं? रक्ताऐवजी चालेल असं हिमोग्लोबिनचं द्रावण बनवता येतं का, हे पाहायचं काम फोकमन आणि त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांच्याकडे आलं.

त्यांनी जनावराची थायरॉइड ग्रंथी काढून काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिच्यातून हे द्रावण फिरवलं. ग्रंथी जिवंत राहिली. मग त्यांनी तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशी वाढू लागल्या, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या गाठी होऊन थांबल्या. सगळ्या तेवढ्याच. मेल्या का? नाही. त्याच गाठी काढून उंदरात घातल्या तर त्या झपाट्याने वाढून मोठ्या झाल्या.

फरक कशाचा? उंदरात गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. भांड्यातल्या ग्रंथीत फुटल्या नव्हत्या. दोन मिलिमीटरपर्यंत गाठ आसपास झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगू शकते. एवढ्याशा गाठीतही दहा लाख किंवा त्याहून जास्त पेशी असतात. त्यापुढे जायचं तर तिला स्वतःचा रस्ता हवा. रस्ता नाही, तर फौज आहे तिथेच छावणी टाकून बसते.

नौदलाला हवं होतं ते कृत्रिम रक्त त्यातून आलं नाही. पण एक मोठा प्रश्न घेऊन फोकमन 1962 मध्ये नौदलातून बाहेर पडले.

सर्जनने पाहिलेली गाठ

1967 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते बॉस्टनच्या बालरुग्णालयात मुख्य सर्जन झाले. दिवसा शस्त्रक्रिया, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. 18 नोव्हेंबर 1971 रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा लेख आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गाठ वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते. या वाहिन्या आपोआप येत नाहीत, गाठ रासायनिक निरोप पाठवून त्या मागवते. तो निरोप अडवला तर गाठ लहानच राहील.

लोकांना पटलं का? नाही. त्या काळचा समज असा की गाठीभोवतीच्या वाहिन्या म्हणजे नुसता दाह, मरणाऱ्या पेशींमुळे आलेली सूज. शिवाय लढायचं तर कर्करोगाच्या पेशींशी लढा, निरोगी रक्तवाहिन्यांच्या मागे कशाला लागता? अनुदानाचे अर्ज परत आले. परिषदांत ते बोलायला उभे राहिले की माणसं उठून जात. सर्जनने सर्जरी करावी, जीवशास्त्र आमच्यावर सोडावं, असा एकंदर सूर.

या भांडणातला एक मुद्दा मला फार आवडतो, कारण तो मैदान आणि मुख्यालय यांच्यातला मुद्दा आहे. शास्त्रज्ञ गाठ पाहत ती कापून काढल्यावर, बशीत. तिथे ती पांढरी, निर्जीव दिसते. सर्जन तीच गाठ पोटात हात घालून पाहतो. तिथे ती लाल, गरम असते, हात लावला की भळभळा रक्त येतं. नकाशावर नाला कोरडा असतो. ज्याने तो पावसाळ्यात ओलांडला आहे त्याला विचारा. फोकमन यांनी तो नाला ओलांडला होता.

त्यांनी भांडण शब्दांनी लढवलं नाही, प्रयोगांनी लढवलं. सशाच्या डोळ्यात पुढच्या भागात पाणी असतं आणि तिथे रक्तवाहिन्या नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मायकल गिम्ब्रोन यांनी 1972 मध्ये गाठीचे बारीक तुकडे त्या पाण्यात तरंगत ठेवले. तुकडे जिवंत राहिले पण वाढले नाहीत. तेच तुकडे डोळ्यातल्या रंगीत पडद्याला, म्हणजे रक्तवाहिन्या असलेल्या भागाला टेकवले, तर वाहिन्या धावत आल्या आणि दोन आठवड्यांत गाठ हजारो पटींनी वाढली. डोळा तोच, गाठ तीच, फरक फक्त रस्त्याचा.

1974 मध्ये मोन्सँटो कंपनीने हार्वर्डबरोबर बारा वर्षांचा सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलरचा करार केला, त्यातला मोठा भाग या कामासाठी होता. विद्यापीठाने कंपनीचा पैसा घेतला म्हणून त्यावरही टीका झाली. 1981 मध्ये फोकमन यांनी मुख्य सर्जनचं पद सोडलं आणि पूर्ण वेळ प्रयोगशाळेला दिला.

निरोप कोणता?

गाठ निरोप पाठवते हे ठीक, पण तो निरोप म्हणजे कोणता पदार्थ? हे दाखवल्याशिवाय कुणी मानणार नव्हतं. 1984 मध्ये फोकमन यांच्या प्रयोगशाळेतल्या युएन शिंग आणि मायकल क्लॅग्सब्रन यांनी गाठीतून असा एक पदार्थ शुद्ध करून दाखवला. त्याच्या एक वर्ष आधी बॉस्टनमध्येच डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्वोराक यांनी दुसऱ्याच वाटेने जाताना रक्तवाहिन्या झिरपत्या करणारं एक प्रथिन शोधलं होतं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात जेनेंटेक कंपनीच्या नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढवणारं प्रथिन वेगळं केलं. दोन्ही प्रथिनं एकच निघाली. त्याचं नाव व्हीईजीएफ. मुख्य निरोप हाच.

तो पाठवला कसा जातो, हेही नंतर समजलं. पेशीला प्राणवायू कमी पडला की एचआयएफ नावाचं एक प्रथिन साठू लागतं. एरवी ते तयार होता होताच नष्ट केलं जातं. ते साठलं की व्हीईजीएफचा कारखाना सुरू होतो. व्हीईजीएफ जवळच्या केशवाहिनीपर्यंत पोहोचतं. तिथली एक पेशी पुढारी होते, आजूबाजूचं आवरण विरघळवत निरोपाच्या दिशेने सरकते, मागच्या पेशी विभागत तिच्यामागे येतात, मध्ये पोकळी तयार होते आणि रक्त वाहू लागतं. आधी वाट काढणारी तुकडी, मागून रस्ता बांधणारी. प्राणवायू ओळखण्याच्या या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं.

जखम भरतानाही हीच यंत्रणा चालते. कर्करोग नवं काही शोधून काढत नाही, तो शरीराचाच मागणी-फॉर्म चोरून भरतो. फरक एवढाच की जखम भरली की मागणी थांबते, गाठीची थांबत नाही.

एक बदनाम औषध

मधल्या एका वळणावर थोडं थांबतो. थॅलिडोमाइड हे नाव जुन्या मंडळींना आठवत असेल. 1950च्या दशकाच्या अखेरीस युरोपात ते गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं आणि हजारो मुलं हातपाय खुरटलेली जन्मली. 1994 मध्ये फोकमन यांच्याकडे काम करणाऱ्या रॉबर्ट डी’अमॅटो यांनी दाखवलं की हे औषध नव्या वाहिन्या फुटू देत नाही. गर्भातल्या कोवळ्या हातापायांना वाहिन्या मिळाल्या नाहीत म्हणून ते वाढले नसतील, असा त्यांचा तर्क होता. मग जे गर्भाला मारक तेच गाठीला मारक होईल का?

मायलोमा हा हाडांच्या मगजातला कर्करोग. एका रोग्याच्या पत्नीने उपाय शोधत शोधत फोकमन यांना फोन केला आणि त्यांनी थॅलिडोमाइड सुचवलं. तो रोगी वाचला नाही. पण त्याच काळात इतर रोग्यांना ते देऊन पाहिलं गेलं. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, ज्यात पहिलं नाव सीमा सिंघल यांचं आहे, सगळे उपचार हरलेल्या 84 रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रोग्यांना फायदा झाला होता. आज मायलोमाच्या उपचारांत या औषधाला आणि त्याच्या भावंडांना पक्कं स्थान आहे. पुढे कळलं की मायलोमात ते मुख्यतः वेगळ्याच वाटेने काम करतं. म्हणजे तर्क अर्धाच बरोबर होता आणि औषध मात्र उपयोगी निघालं. इतिहासात असंही होतं.

1998 : मथळा आणि माणसं

1990च्या दशकात फोकमन यांच्याकडच्या मायकल ओ’रायली यांना एक जुनं कोडं सुटलं. सर्जन लोकांना माहीत होतं की कधी कधी मुख्य गाठ काढल्यावर शरीरात इतरत्र दडलेल्या बारीक गाठी अचानक वाढतात. फोकमन यांचा अंदाज असा की मुख्य गाठच काहीतरी सोडत असेल ज्यामुळे बाकीच्या दबून राहतात. ओ’रायली यांनी गाठ असलेल्या उंदरांचं मूत्र, होय मूत्र, महिनोन् महिने साठवून त्यातून तो पदार्थ काढला. हे 1994 मधलं अँजिओस्टॅटिन. 1997 मध्ये एंडोस्टॅटिनही वेगळं केलं गेलं. उंदरांत त्यांनी मोठ्या गाठी ठिपक्याएवढ्या केल्या.

3 मे 1998, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी आली. त्यात नोबेल विजेते जेम्स वॉटसन यांच्या तोंडी असं वाक्य होतं की फोकमन दोन वर्षांत कर्करोग बरा करतील. आपण असं म्हटलं नाही, असं वॉटसन यांनी नंतर कळवलं, पण बाण सुटला होता. ही औषधं बनवणाऱ्या एंट्रेमेड या छोट्या कंपनीचा शेअर शुक्रवारी 12 डॉलरच्या आसपास होता. सोमवारी तो 85 ला शिवून 52 च्या जवळ बंद झाला. डॉक्टरांचे फोन वाजायचे थांबेनात. फोकमन स्वतः सांगत राहिले की तुम्ही उंदीर असाल तर आम्ही तुम्हाला बरं करू शकतो, माणसाचं अजून माहीत नाही.

ती लाट आमच्यापर्यंतही आली होती. मी तेव्हा ईशान्येत होतो. आमच्या युनिटमधल्या एका सुभेदारसाहेबांच्या पत्नीचा साताऱ्याकडे स्तनाच्या कर्करोगाचा उपचार चालू होता. केमोथेरपीने केस गेले होते, अन्न जात नव्हतं. भावाने वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं. सुभेदारसाहेब ते घेऊन माझ्याकडे आले. “साहेब, अमेरिकेत औषध निघालंय म्हणतात. हे सुया टोचणं आता थांबवू का? दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.” मी त्यांना आमच्या मेडिकल ऑफिसरकडे घेऊन गेलो. तो तरुण कॅप्टन होता. त्याने कात्रण नीट वाचलं आणि शांतपणे सांगितलं, “सुभेदारसाहेब, हे उंदरांवर झालंय. माणसांवर व्हायला किती वर्षं लागतील कुणी सांगू शकत नाही. आज जे हातात आहे ते सोडू नका. वहिनींना पुढची सुई वेळेवर मिळायला हवी, त्यासाठी रजा लागली तर मी लिहून देतो.” उपचार पूर्ण झाले. वहिनी पुढे सहा वर्षं होत्या. मुलीचं लग्न त्यांनी स्वतः लावलं.

ती दोन्ही औषधं माणसांत फारशी चालली नाहीत. एंडोस्टॅटिन सुरक्षित ठरलं, पण अमेरिकेतल्या चाचण्यांत गाठी आटल्याचं क्वचितच दिसलं. पुढे त्याचं एक बदललेलं रूप 2005 मध्ये चीनमध्ये मंजूर झालं, एवढंच.

याच लाटेच्या कडेला आणखी एक धंदा चालला. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकाच्या मऊ भागात, रक्तवाहिन्या नसतात आणि तिच्यात वाहिन्या रोखणारे पदार्थ असतात, हे फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत 1970च्या दशकात दिसलं होतं. शार्क माशाचा सांगाडा कूर्चेचाच. त्यावरून ‘शार्कला कर्करोग होत नाही’ असं सांगत शार्कच्या कूर्चेच्या गोळ्या जगभर विकल्या गेल्या. शार्कला कर्करोग होतो. आणि चाचण्यांत त्या गोळ्यांचा काहीही फायदा दिसला नाही. खऱ्या शास्त्राचा एक तुकडा तोडून त्यावर दुकान थाटण्याचा हा प्रकार आज आपल्या मोबाइलवर रोज सकाळी येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

2004 : तोडलेली रसद

खरा टप्पा फेरारा यांच्या वाटेने आला. 1993 मध्ये त्यांनी व्हीईजीएफला पकडणारी अँटिबॉडी उंदरांत वापरून गाठींची वाढ कमी करून दाखवली. त्यावरून माणसासाठी बनवलेलं औषध म्हणजे बेव्हासिझुमॅब. मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेल्या 813 रोग्यांवर चाचणी झाली. नुसत्या केमोथेरपीवर रोग्यांचं मध्यम आयुर्मान 15.6 महिने होतं. हे औषध जोडल्यावर 20.3 महिने. 26 फेब्रुवारी 2004 रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

पावणेपाच महिने. कुणी म्हणेल, तेहतीस वर्षांच्या खटपटीनंतर फक्त पावणेपाच महिने? ज्याच्या घरात हा आजार आहे तो असं म्हणणार नाही. पण हा विजय मर्यादित होता, हेही खरं. रक्तदाब वाढणं, रक्तस्राव, क्वचित आतड्याला भोक पडणं असे धोके आले. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे हे औषध थांबवावं लागतं, कारण जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात. स्तनाच्या कर्करोगासाठी 2008 मध्ये दिलेली मान्यता अमेरिकेने 2011 मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

असं का झालं? रसद तोडण्याचा ज्याला अनुभव आहे त्याला नवल वाटणार नाही. एक रस्ता बंद केला की शत्रू दुसरा शोधतो. व्हीईजीएफ अडवलं तर गाठ दुसरे निरोप वापरते. काही गाठी नवा रस्ता बांधतच नाहीत, आसपासच्या जुन्या वाहिन्यांनाच वेढून बसतात. आणि प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत दिसलं की गुदमरलेली गाठ कधी कधी अधिक आक्रमक होऊन बाहेर पसरू पाहते. उपाशी फौज नेहमी शरण येत नाही. 14 जानेवारी 1761 ला मराठे छावणीतून बाहेर पडले ते उपासमारीनेच.

इथे एका भारतीयाचं नाव घ्यायला हवं. राकेश जैन, कानपूरच्या आयआयटीमधून 1972 साली केमिकल इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेले आणि गाठींचा अभ्यास करू लागले. इंजिनिअरच्या नजरेने त्यांना दिसलं की गाठीच्या वाहिन्या म्हणजे घाईत बांधलेले, गळके, वाकडेतिकडे रस्ते. त्यातून केमोथेरपीचं औषधही नीट पोहोचत नाही. 2001 मध्ये त्यांनी मांडलं की वाहिन्या रोखणारं औषध बेताने दिलं तर काही काळ हे रस्ते नीट होतात आणि त्याच रस्त्याने आपलं औषध आत जातं. म्हणजे शत्रूचा रस्ता उद्ध्वस्त करण्यापेक्षा तो थोडा दुरुस्त करून त्यावरून आपला कॉन्व्हॉय न्यायचा. बेव्हासिझुमॅब एकटं फारसं चालत नाही, केमोथेरपीबरोबर चालतं, त्याचं एक कारण हे असावं असं ते सांगतात.

आपल्याकडे काय झालं

औषध निघणं एक आणि रोग्यापर्यंत पोहोचणं दुसरं. तीही रसदच.

व्हीईजीएफचा निरोप पेशीच्या आत अडवणाऱ्या गोळ्याही आल्या. त्यातली एक सोराफेनिब, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगासाठी. बायर कंपनीच्या या गोळ्यांचा भारतात महिन्याचा खर्च सुमारे 2,80,000 रुपये होता. किती घरांना परवडणार? मार्च 2012 मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना निघाला आणि हैदराबादच्या नॅटको कंपनीला तेच औषध महिन्याला 8,880 रुपयांत विकण्याची मुभा मिळाली. बायर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयात गेली. परवाना कायम राहिला. बेव्हासिझुमॅबच्या भारतीय आवृत्त्याही 2016 पासून बाजारात आल्या. नव्या संशोधनाला पैसा लागतो हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्या औषधाचा रस्ता रोग्याच्या दारापर्यंत जात नाही, ते त्या रोग्यासाठी नसल्यासारखंच.

आणखी एक फायदा कुणाच्या ध्यानीमनी नसताना झाला. मधुमेहात आणि म्हातारपणात डोळ्याच्या पडद्यावर नको त्या वाहिन्या फुटतात, गळतात आणि दृष्टी जाते. तिथेही निरोप व्हीईजीएफचाच. 2004 पासून डोळ्यात देण्याची अशी इंजेक्शनं आली. आज आपल्या ओळखीत कुणा काका-मावशींना ‘डोळ्यातलं इंजेक्शन’ दिलं असेल, तर ते बहुधा याच घराण्यातलं आहे. बॉस्टनमध्ये सशाच्या डोळ्यात सुरू झालेलं काम माणसाच्या डोळ्यापर्यंत असं आलं.

काय लक्षात ठेवायचं

ज्युडा फोकमन 14 जानेवारी 2008 रोजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका परिषदेला जाताना डेन्व्हरच्या विमानतळावर हृदयविकाराने गेले. कर्करोग त्यांनी बरा केला नाही. पण ज्या विषयावर बोलताना लोक उठून जात, त्या विषयावर आज जगभर प्रयोगशाळा आहेत, आणि हातात पडलेली औषधं लाखो रोग्यांना दिली जातात. अनोळखी रोग्यांचे फोन ते स्वतः घेत असत. धर्मगुरूसारखा डॉक्टर हो, हे वडिलांचं सांगणं त्यांनी असं पाळलं.

जाता जाता तीन गोष्टी. पहिली, मोठ्या शत्रूशी समोरासमोरच लढायला हवं असं नाही. तो कशावर जगतो ते आधी पाहा. दुसरी, उंदरावरचं यश आणि माणसावरचं यश यांत वर्षांचं अंतर असतं, म्हणून मथळा वाचून चालू उपचार थांबवू नका. तिसरी, रसद तोडली म्हणजे लढाई संपली असं होत नाही, ती फक्त आपल्या बाजूला झुकते. पुढचं काम पुढच्यांनी करायचं असतं.

पुढच्या भागात आपण हिवताप आणि फौजा यांची गोष्ट पाहू. तिथेही आपल्या भूमीवरचा एक लष्करी डॉक्टर भेटणार आहे. तोवर स्वतःची काळजी घ्या, आणि कुठे न दुखणारी गाठ हाताला लागली तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

जय हिंद.